ऋतुसंधी : काय घ्यावे आणि काय सोडावे

भाद्रपद सरत आला की मठात येणाऱ्या भक्तांचे प्रश्न पालटतात. पावसाळाभर पीकपाण्याची चिंता सांगणारे आता विचारू लागतात, "स्वामीजी, गुळवेलीचा काढा किती दिवस घ्यावा? हिरडा चालेल का? डोळ्यांची आग होते, अंगावर पित्त उठते, कोणती वनस्पती सांगाल?" प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांत एक प्रश्न नेहमी राहून जातो. "या दिवसांत मी काय सोडावे?" असे क्वचितच कोणी विचारते. सारे जण घेण्याचे विचारतात. म्हणून आज त्या राहून गेलेल्या प्रश्नाचा आपण मिळून विचार करू.

प्रथम ऋतूचे स्वरूप ध्यानी घ्यावे. आपल्याकडे उन्हाळा आणि शरद यांच्यामध्ये चार महिन्यांचा पाऊस उभा असतो. ग्रीष्मात शरीराचे बळ आटते. वर्षाऋतूत जठराग्नी मंद होतो, अन्नपाण्यास आम्लता येते आणि पित्ताचा संचय होतो. मग ढग हटतात आणि अंगाला गारव्याची सवय झालेली असताना एकाएकी ऊन तापू लागते. साचलेले पित्त तेव्हा उसळते. ज्याला आपण ऑक्टोबरचा उन्हाळा म्हणतो, त्याचे हेच वर्णन आयुर्वेदाने फार पूर्वी करून ठेवले आहे. कडू, गोड आणि तुरट रस, भूक लागल्यावरच हलके अन्न, स्वच्छ पाणी, रात्रीचे चांदणे हे शरदाचे पथ्य. दही, क्षार, तेलकट पदार्थ, दुपारची झोप, कडक ऊन आणि पोट तुडुंब भरेपर्यंत जेवणे हे अपथ्य.

या यादीकडे जरा निरखून पाहा. त्यात घ्यावयाच्या गोष्टी जितक्या आहेत, तितक्याच सोडावयाच्याही आहेत. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांना ऋतुसंधी म्हटले आहे. या दिवसांत जुना आहारविहार हळूहळू सोडावा आणि नवा हळूहळू धरावा, असा त्यांचा दंडक आहे. एकदम सोडल्याने किंवा एकदम धरल्यानेही रोग होतात. यात वैद्यक तर आहेच, शिवाय मनुष्यस्वभावाची मोठी ओळख आहे. आवेशाने सोडलेली सवय आवेश ओसरताच परत येते. रोज थोडी सोडलेली सवय बहुधा परत येत नाही.

आता वनस्पतींविषयी. रात्री कुटलेले धने सहापट पाण्यात भिजत घालून सकाळी गाळून घेतले की त्याला धन्याचा हिम म्हणतात. थोडी खडीसाखर घालून तो घेतला असता दाह शमतो. काळ्या मनुका, आवळा, पडवळ, कारले ही या ऋतूची साधी औषधे स्वयंपाकघरातच आहेत. हिरडा सहा ऋतूंत सहा अनुपानांसह सांगितला आहे. वर्षाऋतूत सैंधवासह आणि शरदात साखरेसह. परंतु गर्भवतीने, अशक्त, कृश किंवा उपवासाने क्षीण झालेल्या माणसाने तो घेऊ नये, हेही शास्त्रातच आहे. आणि ज्याला मधुमेह आहे त्याने साखरेचे अनुपान डोळे मिटून कसे घ्यावे? वचन पाहताना आपला देहही पाहावा लागतो.

"झाडपाला आहे, अपाय कसला?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सद्भक्तहो, ज्याच्यात गुण करण्याची शक्ती आहे, त्याच्यात अपाय करण्याचीही शक्ती असतेच. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेल उकळू लागली. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे तेथील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वादाचा निर्णय तज्ज्ञ करोत. आपल्यापुरता बोध दोन्ही पक्षी एकच आहे. वेल ओळखल्यावाचून, मात्रा आणि मुदत विचारल्यावाचून, वैद्याला न दाखवता महिनोन्महिने काही पिऊ नये. यकृताचा जुना विकार असलेल्याने तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यू, मलेरिया आणि शेतातल्या साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस बळावतात. ताप भरला की रक्ततपासणी करून डॉक्टरांकडे जावे. काढ्यावर दिवस ढकलण्यात श्रद्धा नाही, आळस आहे. बाराव्या शतकातील शरणांत वैद्य संगण्णा होते. त्यांनी वैद्यकी हेच आपले कायक मानले. ज्या परंपरेने वैद्याला शरण म्हणून वंदन केले, तिने वैद्याकडे जाण्यात कमीपणा का मानावा?

तरीही मूळ प्रश्न उरतोच. काही भक्त म्हणतात, "देह नाशवंत आहे, त्याची एवढी निगा म्हणजे मोहच नव्हे का?" मला वाटते, उत्तर आपल्या नित्याच्या शब्दातच आहे. कायक या शब्दात काया आहे. शरणांनी देहाला तुच्छ लेखले नाही. इष्टलिंग याच देहावर धारण करायचे आणि दासोहही याच हातांनी करायचा. साधन स्वच्छ आणि समर्थ ठेवणे हा मोह नव्हे. शेतकरी विळ्याला धार लावतो, तेव्हा त्याला विळ्याचा मोह झाला असे आपण म्हणत नाही. मात्र धार लावण्यातच दिवस गेला आणि पीक उभेच राहिले, तर काहीतरी चुकले. देहाच्या काळजीचे तसेच आहे. ती काळजी आपल्याला कामाकडे आणि माणसांकडे नेत असेल तर तो धर्म. ती आपल्याला आपल्यातच गुंतवून ठेवत असेल तर तो मोह.

याच कसोटीवर 'काय घ्यावे' हा प्रश्न पुन्हा पाहा. दसरा-दिवाळीत मनसोक्त तळलेले खावे, रात्री जागून दुपारी झोपावे आणि सकाळी कडू काढा पिऊन हिशेब चुकता करावा, असे अनेकांचे चालते. म्हणजे भोग आपण घ्यायचा आणि दंड झाडाने भरायचा! अनंतमूळ उपटले की ते रोप संपले. अशोकाची साल खोडाभोवती पूर्ण सोलली की ते झाड वाळते. आपल्या असंयमापायी जंगलातले मूळ उपटले जात असेल, तर त्याला स्वास्थ्य म्हणता येईल का? गुळवेलीचे बोटभर जाड कांडे लावले तरी ती रुजते. घेणाऱ्याने आधी लावावी. जे लावता येत नाही ते गरजेपुरतेच आणि वैद्याने सांगितले तरच घ्यावे.

आणखी एक माणूस या पथ्यात आपण विसरतो. शास्त्र सांगते, शरदातले ऊन टाळावे. परंतु याच दिवसांत निपाणीकडे सोयाबीन काढणीला येते, पुढे खानापूरकडे भाताची कापणी सुरू होते. सावलीत बसून धन्याचा हिम पिणाऱ्या मालकाच्या शेतात भर दुपारी कोणीतरी वाकलेले असते. त्याचे पित्त उसळत नाही काय? त्याला "ऊन टाळ" म्हणणे ही थट्टा होईल. त्याचे पथ्य त्याच्या हाती नाही, ते मालकाच्या हाती आहे. काम पहाटे लवकर सुरू करावे, दुपारी दोन-तीन तास सुटी द्यावी आणि त्यापायी मजुरी कापू नये. बांधावर सावली करावी, माठात गार पाणी आणि सोबत गूळ ठेवावा. ताप आलेल्या मजुराला दवाखान्यात पोचवावे. हा दासोह आहे, आणि माझ्या मते शरद ऋतूचे सर्वांत मोठे पथ्यही हेच आहे.

म्हणून या ऋतुसंधीचे चौदा दिवस तीन गोष्टींसाठी ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. एक सवय थोडी थोडी करून सोडावी. एक औषधी वनस्पती जाणकाराकडून ओळखून घेऊन दारात लावावी. आणि जो आपल्यासाठी उन्हात राबतो, त्याच्या दुपारची सोय करावी. पहिलीने आपले पित्त उतरेल, दुसरीने रानाचे ऋण थोडे फिटेल आणि तिसरीने आपल्या आरोग्याला काही अर्थ येईल.

आपणा सर्वांस हा शरद आरोग्याचा जावो.

शरणु शरणार्थी.