जरा वळून बसू या



१९७१ साली ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ला भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली आणि इलेक्ट्रिक गिटारचा नाद तरुणांच्या मनात घर करून बसला. मुलुंड, बोरिवलीतल्या एखाद्या पोटमाळ्यावर तशी एखादी जुनी गिटार आजही निजलेली असेल.

ती खाली काढली की आधी भेटतो तिचा स्वभाव. मुंबईच्या दमट हवेनं तारा गंजलेल्या, मान किंचित वाकलेली, आवाजाचं बटण फिरवताना खरखर. तारांचं कंपन टिपणारं पिकअप एकाच वेटोळ्याचं असेल, तर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघरही ते पकडतं. जाणता वादक मात्र जरा वळून बसतो. दिशा बदलली की घरघर बरीच कमी होते.

जे वेटोळं ही घरघर पकडतं, तेच तारेचं नाजूक कंपनही टिपतं. हळव्या माणसाचंही असंच असतं. तो चटकन दुखावतो, पण आपलं न बोललेलं दुःखही तोच ओळखतो. त्याला बदलायला निघण्याआधी आपणच जरा वळून बसावं.