अयस्कांताची आठवण

धुळ्याहून नंदुरबारकडे जाताना काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या भेगांत लाव्हा शिरला आणि थिजला. भोवतालचा खडक पुढे झिजून गेला, भिंत तेवढी उरली. भूवैज्ञानिक तिला डाइक म्हणतात. थिजताना या दगडातल्या मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली, आणि ती सोडली नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले क्लेग आणि त्यांचे सहकारी डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टमधली अशी दिशा मोजून 1956 मध्ये निष्कर्ष छापला. हा खडक थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता! खंडे सरकतात हे मानायला बहुतेक भूवैज्ञानिक तयार नव्हते, त्या काळातली ही गोष्ट.

दगडाने इतकी वर्षे लक्षात ठेवले, असे आपण सहज म्हणून जातो. पण लक्षात कोणी ठेवले?

प्रश्न खडकापुरता असता तर हसून सोडून देता आला असता. तसा तो राहिलेला नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी 1949 मध्ये भाजलेल्या मातीच्या चुंबकत्वाचे गणित मांडले. कण पुरेसा लहान असला की त्याच्या चुंबकत्वाला दोनच सोयीच्या दिशा उरतात आणि दोहोंमध्ये ऊर्जेचा अडसर असतो. उष्णतेचे धक्के त्या कणाला सतत बसत असतात. अडसर ओलांडायला किती काळ लागेल ते त्याच्या उंचीवर ठरते. उंची थोडी वाढवली की सेकंदाची वर्षे होतात, वर्षांची युगे. विटा-खापरांसाठी केलेले हेच गणित आज एमरॅम नावाच्या संगणकीय मेमरीची रचना करताना वापरतात.

एमरॅमच्या एका घरात चुंबकीय धातूचे दोन अतिपातळ थर असतात आणि मधे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा. एका थराची दिशा पक्की केलेली असते, दुसऱ्याची उलटवता येते. इलेक्ट्रॉनला विद्युतभाराबरोबर स्पिन नावाचा एक उपजत गुण असतो. दोन्ही थरांची दिशा एक असेल तर इलेक्ट्रॉन पडदा सहज पार करतात, उलट असेल तर रोध वाढतो. एक स्थिती म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. वीज गेली तरी दिशा जागच्या जागी राहते. घरातली नोंद साधारण दहा वर्षे टिकावी, या हिशेबाने अडसराची उंची ठरवतात. स्पिनवर आधारलेल्या या विद्येची मोठी सुरुवात 1988 मध्ये अल्बेर फेर आणि पीटर ग्र्यूनबर्ग यांच्या प्रयोगांतून झाली आणि 2007 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. ‘मेमरी’ हे नाव मात्र त्याआधीपासूनच रूढ होते आणि त्यावर फारसा कोणी आक्षेपही घेतला नव्हता.

आक्षेप घ्यायला जागा आहे, आणि ती आपल्याकडच्या जुन्या दर्शनांतच सापडते. त्यांतल्या वैशेषिकांनी ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार केले. सुटलेल्या बाणाला पुढे नेणारा तो वेग. वाकवलेली फांदी सोडताच तिला मूळ जागी आणणारा तो स्थितिस्थापक. आणि अनुभवाने उमटून पुढे आठवण जागी करणारी ती भावना. पहिले दोन जड द्रव्यांत राहतात, तिसरी फक्त आत्म्यात. बाणाची धाव आणि माणसाची आठवण एकाच सदरात घालण्याचे हे धाडस आजही चकित करते.

नॅनोचुंबकाला यातले कोणते खाते द्यायचे? तो धावत नाही, म्हणून वेग नव्हे. मूळ जागी परतत नाही, उलट ढकलले तिथेच ठाण मांडतो, म्हणून स्थितिस्थापकही नव्हे. वागणूक भावनेसारखी, वस्ती मात्र जडात. पंचाईत इथेच संपत नाही. वैशेषिकांचे भाऊबंद नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, यांच्या मते भावना डोळ्यांना दिसत नाही. आठवण आली यावरून ती आत होती असे अनुमान करायचे. चुंबकात सगळे उलटे आहे. ठसा उपकरणाने मोजता येतो, आठवण कुठेच दिसत नाही.

आठवणीत ‘ते’ असते, हा न्यायशास्त्राचा बारकावा इथे कामी येतो. मला आठवते ते ‘तेव्हाचे’ म्हणून आठवते. चुंबकाची दिशा मात्र केवळ आत्ताची असते. कालच्या प्रवाहाने ती वळली की कोटी वर्षांपूर्वीच्या क्षेत्राने, याचा तिला पत्ता नसतो.

धुळ्याच्या तुरुंगातले एक उदाहरण घेऊ. 1932 च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये विनोबांनी तिथे दर रविवारी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेचा एकेक अध्याय उलगडला आणि साने गुरुजींनी तो भराभर उतरून घेतला. त्या टिपणांतून ‘गीता प्रवचने’ झाली. समोर बसून ऐकलेल्या कैद्याला पुढे तो रविवार आठवत असणार. आज पुस्तक उघडणाऱ्याला ती प्रवचने कळतात, आठवत नाहीत. त्याला मिळते ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू माणसाच्या शब्दावरून झालेले ज्ञान. संगणकाची ‘मेमरी’ याच जातीची आहे. तिच्यातून वाचतो तो लिहिणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. खडकाची गोष्ट आणखी निराळी, कारण तिथे लिहिणाराच नाही. धुरावरून अग्नी ओळखावा तसे क्लेग आणि सहकाऱ्यांनी दिशेवरून अक्षांश ओळखले. ते अनुमान. स्मृती दोन्हीकडे नाही.

हा निवाडा नैयायिकाला पटेल. अमळनेरला मात्र तो इतक्या सहज पटला नसता. तिथे प्रताप शेठजींच्या आश्रयाने 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, साने गुरुजीही आधी तिथलेच विद्यार्थी. तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी 1933 मध्ये ‘अज्ञान’ या अद्वैत वेदान्तातल्या एकाच विषयावर मिळून पुस्तक काढले. अद्वैताचे म्हणणे असे, की अज्ञान म्हणजे ज्ञानाचा नुसता अभाव नव्हे, ते भावरूप आहे. (एमरॅममधला शून्यही तसाच आहे. तिथे काही नाही असे नसते. दुसऱ्या दिशेला तितकाच ठाम चुंबक उभा असतो.)

अद्वैतात मन, बुद्धी, चित्त हे अंतःकरणच मुळी जड आहे. आठवणीचे ठसे तिथेच राहतात आणि त्यांना उजळतो तो साक्षी, म्हणजे नुसते पाहणारे चैतन्य. म्हणजे ठसा जडात असला यात अद्वैत्याला नवल नाही. मेंदूत असो की कोबाल्टच्या थरात. ‘चुंबकाला आठवते का’ यापेक्षा ‘त्याच्यापाशी साक्षी का नाही’ हे त्याला सांगावे लागेल, आणि ते जास्त अवघड आहे. अंतःकरण सूक्ष्म द्रव्याचे, स्वच्छ, म्हणून त्यात चैतन्य प्रतिबिंबित होते, हे त्याचे ठरलेले उत्तर. किती सूक्ष्म म्हणजे पुरेसे, याचे माप त्यात नाही. दहा-वीस नॅनोमीटरच्या चुंबकासमोर ते उत्तर थोडे अपुरे वाटते.

चुंबकाचा दाखला या वादात जुनाच आहे. अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, जागचा न हलता लोखंडाला हलवतो तसा निष्क्रिय पुरुष, म्हणजे चैतन्य, जड प्रकृतीला चालवतो, असे सांख्य म्हणत. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी तो दाखला मोडून काढला. पुरुष प्रकृतीजवळ नेहमीच असणार, मग ती कधी थांबणारच नाही. चुंबकाचे तसे नाही, तो कधी जवळ असतो, कधी नसतो, आणि त्याला पुसून स्वच्छही ठेवावे लागते.