वसणारा आणि वसवणारा

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एखाद्या काकांना 'तुम्ही वसाहतकार' असं म्हणून बघा. आधी ते चमकतील, मग चिडतील. वास्तविक कॉलनी म्हणजे वसाहत, हे त्यांनाही मान्य असतं. आपण इंग्रजांच्या परमुलखातल्या राज्याला वसाहत म्हटलं, पोलिसांच्या चाळींना वसाहत म्हटलं आणि कारखान्यांच्या माळालाही औद्योगिक वसाहत. जागेसाठी शब्द सढळ हाताने वापरला. तिथे राहायला येणाऱ्या माणसाच्या वेळी मात्र हात आखडला.

जुन्या दप्तरात त्याला नाव होतं : उपरी. गावात ज्याची वडिलोपार्जित जमीन तो मिरासदार किंवा थळकरी; बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिला, त्यात शेतकऱ्यांचे हेच दोन वर्ग आहेत. सारा भरत असेपर्यंत मिरासदाराला कुणी उठवू शकत नसे, त्याला जमीन विकताही येई. उपऱ्याला यातलं काही नाही. पण दुष्काळाने किंवा फौजांच्या येण्याजाण्याने गाव ओस पडलं की सरकार याच उपऱ्याची वाट बघे. मग कौल, म्हणजे सवलतीचं लेखी आश्वासन, निघे. इस्ताव्याने जमीन घेतली तर पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असं चढत काही वर्षांनी पुरा दर. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात तर ज्याच्यापाशी बैल नाहीत, दाणे नाहीत, त्याला ते पुरवावेत आणि व्याज न लावता मुद्दलच हळूहळू वसूल करावं असं बजावलं आहे.

या कागदांतली जमीन 'नवी' नसते. ती पडीक असते, किंवा 'गतकूळ', म्हणजे जिचं घराणं बुडालं अशी. आपल्या आधी इथे कुणी नांगर धरला होता, हे त्या एका शब्दात नोंदलेलं असे. ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलिया धरली ती कुणाचीच नसलेली जमीन म्हणून; ती समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्यात मोडली, तेव्हा १९९२ साल उजाडलं होतं. आपले कारकून फार उदार होते असं नव्हे. पण हक्क सांगत कुणी परत आलाच तर काय, ही धास्ती त्यांना होती आणि तिने शब्द नेमके ठेवले.

'कॉलनी'चं मूळही शेतातलंच. लॅटिनमध्ये 'कोलोनुस' म्हणजे साधा शेतकरी. रोमचे निवृत्त सैनिक जिंकलेल्या मुलखात जमिनी देऊन बसवले जात, ती 'कोलोनिया'. जर्मनीतलं कोलोन हे नाव अजून मिरवतं. पुढे साम्राज्याच्या उतारकाळात कोलोनुस म्हणजे जमिनीला बांधलेलं कूळ झालं. आधी मालकी मिळवणारा, मग बांधला गेलेला, शब्द तोच.

मराठीत हा भेद क्रियापदातच आहे. गाव वसतं आणि गाव वसवतात. पुण्यात पेठा वसवल्या गेल्या, त्यांना सदाशिवरावांचं, नारायणरावांचं, नाना फडणवीसांचं नाव लागलं. वसले ते तांबट, बुरूड. त्यांची आठवण फार तर एखाद्या आळीपुरती. गुलामगिरी बंद झाल्यावर, १८३४ नंतर, उसाच्या मळ्यांसाठी मॉरिशसला मजूर नेले गेले. त्यांत मराठी माणसंही होती. त्या बेटावर त्यांनी घरं केली, मुलंबाळं वाढवली, तरी त्यांना वसाहतकार कुणी म्हटलं नाही. ते गिरमिटिये, ॲग्रीमेंटवर अंगठा उठवलेले.

उपरी दप्तराबरोबर गेला. 'उपरा' मात्र बोलीत टिकला, तोही दुसऱ्याकडे बोट दाखवायला. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये तो स्वतःच्या आत्मकथनाच्या कपाळावर लिहिला, तेव्हा तो पहिल्यांदा आतून ऐकू आला. मिरासदाराचं नशीब बघा : ते झालं आडनाव, आणि मिरासदारी म्हणजे मक्तेदारी.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. अशाच एका वसाहतीत माझं जाणंयेणं आहे. तिथली आजी पत्ता सांगताना 'पूरग्रस्त' हा शब्द ठासून म्हणते, कारण तिच्या लेखी तोच जागेचा सातबारा. नातू पार्सलवाल्याला फोनवर नुसतं 'वसाहत' सांगतो. परवा मी दारात उभा असताना नातसून म्हणाली, "अहो, कॉलनी सांगा, म्हणजे लवकर सापडेल."