वरणातले मीठ

वडिलांच्या वर्षश्राद्धाला ब्राह्मणभोजन घालण्यापेक्षा आईबापांवेगळ्या मुलांच्या मुखी चार घास पडावेत, असे आमच्या घरी सर्वानुमते ठरले, आणि त्याप्रमाणे एका बालगृहाच्या अधीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन आम्ही सारे कुटुंबीय नेमल्या दिवशी तेथे गेलो. लांब ओसरीवर साठ-पासष्ट मुलांची पंगत बसली होती. श्लोक झाला, मग एका मोठ्या मुलाच्या इशाऱ्यासरशी सर्वांनी एका सुरात आमचे आभार मानले, छायाचित्र निघाले, तोवर भाताची वाफ निवून गेली होती. मी वरण वाढीत चाललो असता आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पहिला घास घेऊन, कोणालाही उद्देशून नव्हे अशा स्वरात, सहज म्हणाला, "वरणात मीठ नाही." अधीक्षकांची नजर त्याच्याकडे वळली. ती नजर क्रूर नव्हती. पाहुण्यांदेखत घरची अब्रू जाऊ नये म्हणून कोणीही यजमान पाहील तशीच ती होती. मुलाने मान खाली घातली आणि मुकाट्याने ताट स्वच्छ केले.

ह्या प्रसंगाला आता बरीच वर्षे लोटली. पण ज्या पितृऋणातून आपण अंशतः मुक्त झालो असे समजून आम्ही त्या दिवशी घरी परतलो, ते फेडण्यासाठी ज्यांना स्वतःचे पितर ठाऊक नाहीत अशांची पंगत आम्हांला निमित्त म्हणून लागली, ही गोष्ट मला उत्तरोत्तर अधिक बोचू लागली. अन्नदानाच्या श्रेष्ठत्वाविषयी मला शंका नाही. शंका आहे ती अशी, की ज्या व्यवहारात दात्याचे पुण्य पदार्थ पानात पडताक्षणीच पुरे होते, त्यात घेणाऱ्याच्या जिभेला चव सांगण्याचा अधिकार कितपत उरतो? करुणा हा आपल्या धर्मविचारातील शिरोमणी गुण खरा. परंतु जिच्यापुढे फिर्याद करण्याची सोय नाही, ती करुणा धर्म ह्या पदवीस पोचते काय?

परमेश्वराला आपण अनाथांचा नाथ म्हणतो तेव्हा नाथ म्हणजे स्वामी, एवढाच अर्थ मनात असतो. पाणिनीय धातुपाठात मात्र नाथ् ह्या धातूचे चार अर्थ दिले आहेत: याचना, उपताप, ऐश्वर्य आणि आशीर्वाद. त्यांत ऐश्वर्य तिसरे आहे, याचना पहिली. वैयाकरणांनी हा क्रम तत्त्वज्ञान सांगण्यासाठी लावला नसेल, आणि व्युत्पत्तीच्या पायावर सिद्धान्ताची इमारत उभारणे हा आपल्याकडील पंडितांचा जुना मोह आहे, हेही मी जाणतो. तरीपण ज्याच्यापाशी मागता येते तो नाथ आणि ज्याला मागावयास कोणी नाही तो अनाथ, असा अर्थ एकदा मनात उतरल्यावर तो शब्द मला पूर्वीसारखा उच्चारता आला नाही. दारिद्र्य, व्यसन, आजार किंवा घरातील मारहाण ह्यांमुळे ज्यांना सरकारने आपल्या ताब्यात घेऊन संस्थेत अथवा परक्या कुटुंबाच्या प्रतिपालकत्वाखाली ठेवले आहे, त्या मुलांचे आईबाप पुष्कळदा हयात असतात. अन्न, वस्त्र, निवारा ह्यांचीही तजवीज झालेली असते. आणि तरी ह्या अर्थाने ती अनाथच राहतात.

मागण्याची जागा अशा मुलांनी स्वतःच निर्माण केली, ह्याचा इतिहास फार जुना नाही. १९७५ मध्ये इंग्लंडातील नॅशनल चिल्ड्रेन्स ब्युरो ह्या संस्थेने सरकारी देखभालीखाली वाढणाऱ्या मुलामुलींना एकत्र बोलावले, आणि त्यांच्या तोंडच्या कैफियती १९७७ मध्ये 'हू केअर्स?' ह्या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्या काळी तेथील मुलांचे एक गाऱ्हाणे कपड्यांविषयी होते. नवा कोट किंवा बूट हवे असल्यास त्यांच्या हाती रोख पैसे न देता सरकारी खात्याची चिठ्ठी दिली जाई. ती घेऊन ठरावीक दुकानात जावयाचे आणि इतर गिऱ्हाइकांदेखत ती गल्ल्यावर ठेवावयाची. चौदा वर्षांच्या मुलीची कल्पना करावी. दुकानदार ती चिठ्ठी वाचीपर्यंतच्या दोन मिनिटांत तिला आपले पोरकेपण सहीशिक्क्यानिशी चारचौघांत हजर करावे लागे. कोट उबदार असेल, कापडही चांगले असेल, सरकारच्या औदार्यात काही उणे काढता येणार नाही. आणि तरी नोट पुढे करून सुटे पैसे परत घेण्याचा जो साधा मान रस्त्यावरच्या कोणत्याही मुलीला मिळतो, तो ह्या मुलीला नाकारला गेला होता. ही उणीव कोणत्याही तपासनिसाच्या दफ्तरात नोंदली जाणे शक्य नव्हते. ती सांगावयास ती मुलगीच लागते.

१९७९ मध्ये अशा तरुणांची राष्ट्रीय संघटना तेथे उभी राहिली. कॅनडात १९८५ मध्ये, आणि १९८८ मध्ये 'कॅलिफोर्निया यूथ कनेक्शन'. एका घरातून दुसऱ्या घरी हलविताना मुलांचे सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून देण्याची रीत अमेरिकेत सर्रास होती, आणि अठरावा वाढदिवस हा पुष्कळांच्या बाबतीत अखेरच्या पिशवीचा दिवस ठरे. कॅलिफोर्नियातील ह्या तरुणांनी सॅक्रामेंटो ह्या राजधानीस जाऊन आमदारांपुढे आपली कहाणी स्वमुखाने मांडण्याचा परिपाठ ठेवला. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०१२ पासून अमलात आलेल्या कायद्याने सरकारी देखभालीची ही अठरा वर्षांची मर्यादा एकविसाव्या वर्षापर्यंत नेली, त्यामागे त्यांचे श्रमही होते.

स्कॉटलंडमधील तरुणांनी मात्र असे काही मागितले की जे कायद्याच्या कोणत्याही कलमात बसू नये. 'हू केअर्स? स्कॉटलंड' ही संघटना आणि तिच्यातील तरुण ह्यांनी नेटाने लावून धरल्यामुळे २०१६ मध्ये तेथील फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन ह्यांनी साऱ्या व्यवस्थेची मुळापासून चौकशी जाहीर केली. फेब्रुवारी २०२० मध्ये पुऱ्या झालेल्या त्या चौकशीत साडेपाच हजारांहून अधिक लोकांचे अनुभव ऐकून घेण्यात आले, आणि 'द प्रॉमिस' ह्या अहवालाच्या मध्यभागी एक शब्द येऊन बसला: प्रेम. आम्हांला सांभाळू नका, आमच्यावर प्रेम करा, असे ही मुले सरकारला सांगत होती.

येथे विचारी माणूस थबकेल, आणि त्याने थबकावेच. ज्याचे स्वरूप नारदांनी आपल्या भक्तिसूत्रांत वाणीच्या पलीकडचे मानले, ते प्रेम सरकारी हुकमाने कसे उत्पन्न व्हावे? जे हक्काने वसूल होते ते प्रेम नव्हे आणि जे प्रेम आहे ते वसूल होत नाही, हा आक्षेप मला दीर्घकाळ बिनतोड वाटत असे. आज तो अर्धाच खरा वाटतो. प्रेम उत्पन्न करणे कायद्याच्या हाती नाही हे खरे. परंतु रुजू पाहणारे प्रेम उपटणे त्याच्या हाती पूर्णपणे असते, आणि वर्षानुवर्षे त्याने तेच केले. रडणाऱ्या मुलाला जवळ घेणे नियमात बसेल की नाही ह्या धास्तीने काळजीवाहक हात आखडून उभा राही. भाऊ एका गावी आणि बहीण दुसऱ्या गावी पाठवली जाई. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून भावंडांचे एकमेकांशी नाते राखण्याची जबाबदारी कायद्याने प्रशासनावर टाकली आहे. प्रेम मागणाऱ्या मुलांची मागणी व्यवहारात उतरली ती अशा रूपाने.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला जनाबाईपाशी येऊन सुटला. परंपरा सांगते, की गंगाखेडच्या दमा नावाच्या भक्ताची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी ह्यांच्या घरी आली आणि तेथेच वाढली. आपल्या आजच्या भाषेत ती प्रतिपालित कन्या होती. पण त्या घरातील नातवंडांसारखी ती केवळ घरची नव्हती आणि बाहेरचीही नव्हती. सडासारवण, दळणकांडण तिच्याकडे. आणि अभंगाच्या अखेरीस ती स्वतःची ओळख सांगते ती नामयाची दासी अशी. ह्या दासीने विठ्ठलाशी जो संवाद मांडला, त्यात कृतज्ञतेचा एकच सूर नाही. ती रुसते, त्याला एकेरीत हाका मारते, शिव्या देते, आणि जात्याचा खुंटा धरावयास त्याला आपल्या शेजारी बसवते. आभार परक्याचे मानावे लागतात; भांडण आपल्याशीच करता येते. ज्या घरात मूल "मला हे नको" असे निर्भयपणे म्हणते, ते घर त्याने आपले मानले आहे, एवढे तरी निश्चित समजावे. जनाबाईने विठोबाला नाथ केला तो त्याच्यापुढे हात जोडून नव्हे, त्याला जाब विचारून. आणि सॅक्रामेंटोच्या सभागृहात किंवा एडिंबरोच्या कचेरीत कैफियत मांडणारी मुले तेथील सरकारशी काही निराळे वागत होती, असे मला वाटत नाही. सरकार आपले आहे, असे मानल्यावाचून त्याच्यावर इतके रुसताच येत नाही.

आपल्याकडे ह्या विषयाचा एक धागा पंढरपुरातूनच निघतो, हा योग मला लक्षणीय वाटतो. प्रार्थनासमाजाचा बालकाश्रम तेथे १८७५ पासून आहे. त्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. दया आणि सेवा ह्यांची उज्ज्वल परंपरा आपल्यापाशी आहे. उणे आहे ते ऐकण्याचे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात प्रतिपालकत्वाची आणि अठरा वर्षांनंतरच्या अनुरक्षणाची तरतूद आहे. सहा वर्षांवरील मुले असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांची समिती असावी, असेही त्यात लिहिले आहे. परंतु २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अनाथांना खुल्या प्रवर्गात १ टक्का समांतर आरक्षण दिले, ते एखाद्या समितीच्या ठरावाने नव्हे; संस्थेत वाढलेल्या, स्पर्धा परीक्षेला बसून कागदपत्रांच्या जंजाळात अडकलेल्या एका तरुणीने थेट मुख्यमंत्र्यांकडे दाद मागितली, तेव्हा हा विषय मंत्रालयात हलला. ज्याला जात सांगता येत नाही, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणता येत नाही, त्याने अर्जातील तो रकाना कसा भरावा, हा प्रश्न मसुदे करणाऱ्यांना सुचला नव्हता. तो कोरा रकाना तिच्या डोळ्यांपुढे होता.

अंगुत्तर निकायात नाथसुत्त नावाचे एक सूत्र आहे. सनाथ होऊन राहा, अनाथ होऊन राहू नका, अशा आशयाचा उपदेश करून भगवान बुद्ध तेथे माणसाला नाथ प्राप्त करून देणारे दहा गुण सांगतात. शील आणि श्रवण ह्यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान कल्याणमित्रांना आहे. आकाशातील स्वामीचा तेथे उल्लेख नाही, आणि एकट्याने पाय रोवून उभे राहण्याचा अट्टाहासही नाही. आपल्यासारखेच दुःख भोगलेला, दोन पावले पुढे गेलेला, आणि म्हणून "तू बोल, मी शेजारी आहे" असे सांगू शकणारा सोबती, ह्याला सूत्राने नाथाच्या पंक्तीत बसवले आहे. तरुणांच्या ह्या संघटनांत नेमके हेच घडते. बैठकीत प्रथम आलेले सोळा वर्षांचे मूल काही बोलत नाही. विशीतला कोणी आपली हकीकत सांगतो. आणि ती ऐकताना त्या मुलाला कळते की ज्याला आपण आपले दुर्दैव समजत होतो, ती एक तक्रार आहे.

माझ्या आठवणीतील त्या ओसरीवर असा शेजारी त्या मुलाला लाभला नव्हता. त्याच्या उजव्या-डाव्या हातांना बसलेल्या मुलांनीही तेच वरण खाल्ले आणि ती गप्प राहिली. वाढपी मी होतो. मिठाची वाटी माझ्या पाठीमागच्या बाकावर, हात लांबवला तर मिळेल इतक्या अंतरावर होती. आणि मी अधीक्षकांच्या तोंडाकडे पाहत, पळी हातात धरून, पुढच्या पानाकडे वळलो.