हुतात्मा कीं साक्षी?

‘हुतात्मा’ हा शब्द आमच्या भाषेंत आतां इतका रुळला आहे कीं, तो उच्चारतांना त्याच्या अर्थाकडे आमचें लक्ष जात नाहीं. चौकास नांव द्यावें, वर्षांतून एकदां पुतळ्यास हार घालावा, शाळेंतील मुलांकडून दोन भाषणें करवावीं, कीं आमचें कर्तव्य संपलें. ह्या शब्दांतील कल्पना यज्ञाची आहे; ज्यानें आपल्या देहाची आहुति दिली तो हुतात्मा. ख्रिस्ती लोक हीच पदवी ज्या शब्दानें देतात, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘साक्षीदार’ असा आहे. आहुति पडली कीं यज्ञ पुरा होतो. पण साक्ष झाली म्हणजे काम संपत नाहीं, तेथून तें सुरू होतें. कारण ती ऐकून कोणीतरी निर्णय द्यावयाचा असतो. ह्या दोन अर्थांतील अंतर दोन कॅथलिक धर्मगुरूंच्या मरणाच्या निमित्तानें तपासून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

अमरावती हें १९५५ पासून कॅथलिक धर्मप्रांताचें ठिकाण आहे. तरीही आमच्या अमरावती-अकोल्याच्या पांढरपेशा घरांत ‘फादर’ म्हटले म्हणजे मुलांची शाळा आणि तींत प्रवेश मिळविण्याची खटपट, एवढेंच डोळ्यांपुढें येतें. धर्मगुरूनें शिकवावें, शुश्रूषा करावी, प्रार्थना म्हणावी. दुसऱ्याच्या हक्कांच्या भानगडींत त्यानें कशाला पडावें? हा प्रश्न जगांत इतरत्रही विचारला गेला आहे.

ऑस्कर रोमेरो हे मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर देशांत सान साल्वादोर येथील आर्चबिशप होते. १९७७ सालीं ते त्या पदावर आले, तेव्हां धनिकवर्गास ते आपल्यापैकींच वाटले. स्वभावानें जुन्या वळणाचे व पुस्तकांत रमणारे असे ते गृहस्थ होते. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत त्यांचे स्नेही फादर रुतिलियो ग्रांदे यांचा खून झाला. खेड्यांतील शेतमजुरांची बाजू घेणें हाच त्यांचा अपराध. त्यानंतर रोमेरो बदलले. मारल्या गेलेल्या व नाहींशा झालेल्या माणसांची दाद ते आपल्या रविवारच्या प्रवचनांतून मागूं लागले. २३ मार्च १९८० रोजीं त्यांनीं सैनिकांस जाहीरपणें विनविलें कीं, आपल्याच बांधवांस मारण्याचा हुकूम पाळूं नका. दुसऱ्याच दिवशीं संध्याकाळीं एका रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरांत मिस्सा चालू असतां त्यांना गोळी घालण्यांत आली.

पुढें प्रश्न निघाला तो असा कीं, हे गृहस्थ धर्मासाठीं मेले असें म्हणावें काय? कॅथलिक परंपरेची जुनी कसोटी अशी कीं, मारणाऱ्याच्या मनांत धर्माचा द्वेष असला पाहिजे. येथें तर मारणारे स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे! हें राजकारणांतील मरण होय, धर्मांतील नव्हे, असें पुष्कळांचें मत पडलें आणि वाद अनेक वर्षें रेंगाळला. अखेर २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं रोमेरो धर्मासाठींच मेले असा निर्णय दिला. २०१८ सालीं त्यांना संतपद मिळालें. ह्या निर्णयांतून आम्ही जो अर्थ काढतों तो कोणत्याही धर्माच्या माणसास पटावा. दुबळ्याच्या हक्काचा जो द्वेष करतो तो धर्माचाच द्वेष करतो. मग तो नित्यनेमानें देवळांत जात असो कीं चर्चमध्यें.

परंतु रोमेरो दूरचे. आणि तेथें मारणारा हात तरी होता. आतां आमच्या महाराष्ट्रांतच घडलेलें उदाहरण घेऊं. तेथें हात कोणाचा, हें सांगतां येत नाहीं.

फादर स्टॅन स्वामी हे जेझुइट पंथाचे धर्मगुरु. त्यांचा जन्म १९३७ सालीं तमिळनाडूंतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यांत झाला; आयुष्याचा उत्तरार्ध झारखंडांतील आदिवासींमध्यें गेला. जंगल-जमिनीच्या हक्कांविषयीं ते लिहीत, बोलत. नक्षलवादी म्हणून तुरुंगांत कोंडलेल्या आदिवासी तरुणांच्या खटल्यांचा त्यांनीं अभ्यास केला, आणि ते खटले लवकर निकालांत निघावेत म्हणून झारखंड उच्च न्यायालयांत दाद मागितली. ८ ऑक्टोबर २०२० रोजीं राष्ट्रीय तपास संस्थेनें भीमा-कोरेगांव प्रकरणांत त्यांना रांचीस अटक केली व तळोजाच्या तुरुंगांत आणून ठेवलें. वय ८३, कंपवातामुळें पेला हातांत धरवेना. नळीच्या पेल्यासाठीं त्यांना न्यायालयांत अर्ज करावा लागला, आणि तो हातीं येईपर्यंत कांहीं आठवडे लोटले. मार्च २०२१ मध्यें विशेष न्यायालयानें जामीन नाकारला. मे महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानें त्यांना मुंबईंतील होली फॅमिली रुग्णालयांत हलविण्यांत आलें. तेथें कोरोनाची बाधा आढळली. आणि ५ जुलै २०२१ रोजीं, जामिनाचा अर्ज न्यायालयापुढें असतांच, ते वारले.

आमचे कांहीं वाचक येथें हरकत घेतील, आणि ती टाकाऊ नाहीं. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशीं संबंध असल्याचा गंभीर आरोप त्यांच्यावर होता. धर्मगुरु झाला म्हणून त्यास कायदा निराळा असावा काय? मुळींच नाहीं. त्यांनीं तो आरोप नाकारला होता. त्यांच्या हयातींत खटला उभाच न राहिल्यामुळें तो सिद्धही झाला नाहीं आणि खोटाही ठरला नाहीं. तेव्हां निवाडा देण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाहीं. पण आमचा मुद्दा त्यांच्या निर्दोषत्वावर अवलंबूनच नाहीं. अपराध सिद्ध होण्यापूर्वीं शिक्षा भोगावी लागूं नये, हा हक्क सज्जनांपुरता नाहीं. तो आरोपीचाच हक्क आहे. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं सांगितलें. ज्या बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्याखालीं स्वामींस धरलें, त्यांत २००८ सालीं झालेल्या दुरुस्तीनें हा क्रम जवळजवळ उलटा केला. आरोप सकृद्दर्शनीं खरा दिसला कीं जामीन मिळूं नये, असें तें कलम सांगतें. मग खटल्यास वर्षें लागलीं तर तीं वर्षें हीच शिक्षा होते. ज्या न्यायाधीन कैद्यांसाठीं स्वामी न्यायालयांत गेले होते, तशाच स्थितींत ते स्वतः मेले. त्यांची साक्ष ती हीच. ते एकटेच नव्हते. २०२१ च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांतील शेंकडा ७७ कैदी खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे होते.

तर मग त्यांना मारलें कोणी? तपास करणारा म्हणेल, मीं माझें काम केलें. तुरुंगाधिकारी म्हणेल, मीं नियम पाळला. न्यायाधीश म्हणतील, कायद्याचे शब्द असे आहेत. हे सर्व खरें बोलत असतील. येथें पाप आहे, पण पापी सांपडत नाहीं. आणि नीतिविचाराला हीच जागा फार अवघड आहे. खुन्याचा धिक्कार करणें सोपें. ज्या मरणास अनेक हात थोडेथोडे लागले त्याचा हिशेब मांडणें कठीण, कारण त्या हातांत आमचाही एक असतो. ‘कांहीतरी केलें असेल, उगाच कोण धरतें?’ हें वाक्य आमच्या दिवाणखान्यांतून किती सहज निघतें! तें वाक्य हीच आमची त्या हिशेबांतील वांटणी होय.

वऱ्हाडास हा विचार परका नाहीं. १९२७ सालीं अमरावतीस अंबादेवीचें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून चळवळ झाली. त्या वर्षीं नोव्हेंबरांत तेथें भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. चळवळींत डॉ. पंजाबराव देशमुख पुढें होते; आणि त्यांना स्वतःला तर त्या मंदिराचें दार कधींच बंद नव्हतें. ज्याला दार उघडें आहे त्यानें बंद दारापाशीं उभें राहावें, ह्यांतच परक्याच्या हक्काची खरी कसोटी असते.

रोमेरो आणि स्वामी यांना हुतात्मा म्हणण्यास आमची हरकत नाहीं. परंतु हार घालून आम्ही मोकळे होणार असूं, तर त्यांना साक्षीदार म्हणणेंच बरें. कारण साक्षीदार उत्तर मागतो. १९२३ सालीं झेंडा सत्याग्रहाचे कैदी म्हणून विनोबा अकोल्याच्या तुरुंगांत होते, हें आम्ही अभिमानानें सांगतों. त्या गांवच्या तुरुंगांत आज कोण आहेत, त्यांतील कितीजणांचा खटला अजून उभाच राहिलेला नाहीं, आणि त्यांना वकील मिळाला आहे कीं नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलें आहे काय? तें विचारण्यास प्राण द्यावा लागत नाहीं. एक अर्ज आणि थोडी लाज एवढ्यानें भागतें.