जाणता ग्राहक आणि अजाण विक्रेता

लखनौच्या चौक भागात नखासचा रविवार-बाजार भरतो. बदलीच्या निमित्ताने या शहरी येऊन राहिलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना जुन्या पुस्तकांचा नाद आहे, त्यांची पावले केव्हा ना केव्हा तिकडे वळतातच. जुने कपडे, बंद पडलेली घड्याळे, भांडीकुंडी यांच्या शेजारी कोणीतरी गोणपाट अंथरून रद्दीतून वेगळी काढलेली मासिके आणि मुलांच्या चित्रकथा मांडून बसलेला असतो. भाव सरसकट एकच. समजा, या ढिगात ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने काढलेला हा अंक वेताळाचा. किंमत साठ पैसे. १९९० साली ही मालिका बंद पडली, आणि आता तिच्या आरंभीच्या अंकांसाठी मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजणारे संग्राहक आहेत. ग्राहकाला हे ठाऊक आहे, विक्रेत्याला नाही. ग्राहकाने ते सांगावे काय?

आमच्या मित्रमंडळात हा प्रश्न निघाला तेव्हा बहुतेकांनी तो हसण्यावारी नेला. बाजारात जाऊन सत्यनारायणाची कथा सांगत बसायचे काय, असे एकाने विचारलेही. परंतु प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही, आणि नवा तर मुळीच नाही. सिसेरो या रोमन विचारवंताने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात एका धान्यव्यापाऱ्याची गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून हा व्यापारी धान्य घेऊन आला आहे, आणि मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याने हे सांगून टाकावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? बाबिलोनच्या डायोजिनीसचे मत असे की, लपविणे निराळे आणि न सांगणे निराळे; विक्रेत्याने कायद्याने सांगावयाचे तेवढे सांगावे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडला. नखासमध्ये पारडी उलटली आहेत इतकेच. तेथे जाणता होता विकणारा. येथे जाणता आहे तो विकत घेणारा.

गप्प राहणाऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते न ऐकताच निकाल देणे आम्हां कचेरीतल्या माणसांना तरी शोभणार नाही. त्याचे ज्ञान आयते मिळालेले नाही. ‘अमर चित्रकथे’चेच पाहा. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या या मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. आज जिला आपण ‘अमर चित्रकथा’ म्हणतो ती सुरू झाली अकराव्या अंकापासून, राम वाईरकरांनी चितारलेल्या ‘कृष्णा’पासून. म्हणजे ‘पहिला’ अंक कोणता हे कळण्यासाठीसुद्धा वर्षानुवर्षे वाचावे लागते, हाताळावे लागते. या परिश्रमाचे फळ त्याने का घेऊ नये? शिवाय, त्याची नजर पडली नसती तर तो अंक भज्यांच्या पुडीला लागला असता.

हा युक्तिवाद आम्हांला पटतो. मात्र तो सर्वांना सारखा लागू पडतो असे वाटत नाही. जो तो अंक घरी नेऊन वाचणार आहे, आपल्या मालिकेतील रिकामी जागा भरून समाधान पावणार आहे, त्याने मौन पाळले तर आम्ही फारसे बोट दाखविणार नाही. त्याला जे मिळाले ते अंकातून मिळाले. पण आता गुंतवणूक म्हणून हे अंक घेणारा एक वर्ग निर्माण झाला आहे, आणि त्याचा आदर्श अमेरिकेतील आहे. सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा जून १९३८ चा पहिला अंक दहा सेंटांना मिळत असे. २०१४ साली त्याची एक प्रत ३२ लाख डॉलरांना गेली. २०२४ च्या एप्रिलमध्ये दुसरी एक ६० लाखांना. एवढी किंमत येण्याचे कारण त्या कथेची थोरवी हे नव्हे. बाकीच्या प्रती मुलांनी वाचून वाचून फाडल्या, एकमेकांना दिल्या, हरवल्या. पुढे महायुद्धात कागद गोळा करणाऱ्यांनी उरल्यासुरल्या नेल्या. त्या नाहीशा झाल्या म्हणून ही मौल्यवान. २००० सालापासून तेथे अशा अंकांना दहापैकी गुण देऊन पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात कायमचे बंद करण्याचा धंदाही सुरू झाला आहे. वाचावयाचे तर कवच फोडावे लागते, आणि फोडले की ते प्रमाणपत्र गेले. अशा कवचासाठीच जो अंक विकत घेतो त्याने त्या अंकातून काय घेतले? चित्र नाही, कथा नाही. त्याच्या नफ्याची सारी रक्कम गोणपाटावर बसलेल्या माणसाच्या अज्ञानातून आली आहे. परिश्रमाचे फळ हे शब्द येथे जरा जड वाटतात.

यावर कोणी म्हणेल की, भविष्य कोणालाच ठाऊक नसते. खरे आहे. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी मार्च १९३८ मध्ये त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकले. घेणाऱ्यालाही पुढचे कोठे दिसत होते? तो सौदा त्या दिवशी अन्यायाचा होता असे आम्हांला म्हणवत नाही. अन्याय नंतर सुरू झाला. पात्राची कमाई डोळ्यांसमोर दिसू लागल्यावरही त्या दोघांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि अखेर डिसेंबर १९७५ मध्ये, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाल्यावर, कंपनीने प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरांचे वेतन कबूल केले. विशेष म्हणजे, त्या १३० डॉलरांचा ज्यात समावेश होता तो धनादेशच २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरांना विकला गेला. दोघेही अजाण असतात तोवर सौदा निर्मळ असतो. एकाला उमगले की तेथून त्याच्यावर काहीतरी येऊन पडते. नखासच्या ग्राहकाला तर आधीपासूनच उमगलेले आहे.

तेव्हा निदान गुंतवणूकदाराने तरी सांगावे, किंवा मागितल्यापेक्षा चांगले घसघशीत मोल हातावर ठेवावे, असे आमचे मत झाले आहे. ते मांडताच आमच्या एका स्नेह्यांनी काढलेल्या शंकेला मात्र आमच्याजवळ अद्याप उत्तर नाही. विक्रेत्याला एकदा कळले की पुढच्या रविवारी त्या रांगेतल्या प्रत्येक गोणपाटावरील प्रत्येक चित्रकथेचा भाव चढेल, मग ती पहिली असो वा सातशेवी. आणि वीस रुपये मुठीत धरून केवळ वाचण्यासाठी आलेला चौकातला पोरगा ढिगापुढे उभा राहून पाने चाळील, भाव विचारील आणि अंक पुन्हा जागेवर ठेवील.