अक्षरांना जागा

काटकसर हा सद्गुण आहे याविषयी दुमत नाही. परंतु काटकसर करणारा एक आणि तिची झळ सोसणारा दुसरा, अशी स्थिती असेल तेथे तिला सद्गुण म्हणावे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. एका लहानशा यंत्राच्या उदाहरणाने तो आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

वेल्ह्याच्या डोंगरातील एखाद्या विहिरीवर पंप आहे व त्याला मायक्रोकंट्रोलर जोडला आहे, अशी कल्पना करावी. पाणी आटले की तो पंप थांबवतो आणि मालकाच्या मोबाईलवर संदेश धाडतो : ‘विहिरीत पाणी नाही, पंप बंद केला’. हा मजकूर देवनागरीत असावा असे म्हणताच यंत्रकार मान हलवतो. ‘जागा पुरत नाही,’ हे त्याचे उत्तर.

उत्तर अगदीच निराधार नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो; देवनागरीत प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेलाही, तीन. वरील वाक्य अखेरच्या शून्यासह ८२ बाइट व्यापते. आर्डुइनो उनो या सर्वपरिचित पाटीवरील एटीमेगा३२८पी चिपची रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती, अवघी २,०४८ बाइटांची. अशी पंचवीस वाक्ये २,०५० होतात! आणि ही स्मृती भरत आली की यंत्र भ्रमिष्टासारखे वागू लागते.

परंतु त्याच चिपमध्ये फ्लॅश नावाची दुसरी, स्थायी स्मृती आहे; ती ३२,७६८ बाइटांची. वीज गेली तरी तिच्यातील लेख पुसला जात नाही. मौज अशी की मजकूर मुळात तेथेच असतो. पण वेगळी सूचना नसल्यास यंत्र सुरू होताच त्याची प्रत रॅममध्ये उतरवली जाते. मजकुरावर ‘प्रोगमेम’ ही खूण घातली आणि वाचतेवेळी एकेक बाइट फ्लॅशमधूनच उचलण्याची आज्ञा दिली, की रॅम मोकळी राहते. ती पंचवीस वाक्ये फ्लॅशचा सोळावा हिस्सा तेवढा घेतात. पुराणिक पोथी चौरंगावर ठेवून लागेल ती ओवी पाहतो. सारी पोथी तळहातावर लिहून घेत नाही. तात्पर्य, उणीव जागेची नव्हती, विचाराची होती.

कोणी म्हणेल, ‘रोमन लिपीतील मराठीही लोक वाचतात, शिवाय एका लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावतात, देवनागरी केवळ ७०.’ दोन्ही गोष्टी खऱ्या. तथापि आमचे वाक्य मधल्या मोकळ्या जागा धरून ३१ वर्णांचे आहे. ते सुखाने मावते. आणि मालक शेतावर असता मोबाईल घरी आजीच्या हाती असला, तर? तिला देवनागरी येते, रोमन येत नाही. पंप का थांबला हे तिला कळू नये, ही किंमत कोणाच्या काटकसरीची? जेथे खरोखरच जागा नसेल तेथे शब्द आखडावेत, यास आमची हरकत नाही. मात्र टंचाई खरी की आपल्या आळसाची, हे आधी तपासावे.

शेजारचे भोर हे पंतसचिवांचे संस्थान; ते १९४८ साली विलीन झाले. अष्टप्रधानांत सचिवाचे काम राजपत्रांचा मजकूर तपासून त्यातील चूकभूल दुरुस्त करण्याचे होते. पत्र ज्याला जायचे तो दूर असतो. त्याला त्यातील अक्षर बदलता येत नाही. म्हणून पत्र निघण्यापूर्वीच त्याच्या वतीने वाचणारा कोणी तरी लागतो. विहिरीवरील यंत्राचेही तसेच आहे. फ्लॅशमध्ये एकदा कोरलेले शब्द शेतकऱ्याला सुधारता येत नाहीत. त्याला ते वर्षानुवर्षे तसेच वाचावे लागतात. म्हणून ते कोरणाऱ्याने सचिवाचेही काम पत्करले आहे, आणि ‘जागा नाही’ म्हणण्यापूर्वी ती शोधणे हा त्या कामाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.